संडास, नाली आणि बायांची वही : नागपूरच्या वस्तीत कामाला सुरुवात कशी करावी

एक दोनशे पानी वही घ्या आणि तिला सुतळीने पेन बांधा. वस्तीतल्या स्वच्छतेचं काम जिथं जिथं टिकलेलं मी पाहिलं, तिथं अशी एक वही होती. जिथं मोर्चा निघाला, घोषणा झाल्या, पेपरात फोटोही आला, पण वही नव्हती, तिथं सहा महिन्यांनी संडासाचं दार पुन्हा तुटलेलं दिसलं.

मी उत्तर नागपुरात, पिवळ्या नदीच्या काठच्या वस्त्यांमध्ये बचत गटांसोबत सतरा वर्षांपासून काम करते. सुरुवातीला आम्ही साठ बाया एका कार्यालयात गेलो होतो. उन्हाचे दिवस, कडेवर पोरं. साहेबांनी शांतपणे तीनच प्रश्न विचारले : घरं किती, संडासाच्या सीट किती, चालू किती? आमच्यातल्या तिघींनी तीन वेगळी उत्तरं दिली. ‘आधी नक्की करून या,’ असं म्हणून त्यांनी आम्हाला परत पाठवलं. येताना ऑटोत कोणी बोललं नाही. त्याच रात्री पहिली वही आणली.

ही रीत काही आमच्या डोक्यातून निघालेली नाही. १८९४ साली अमेरिकेतल्या शिकागो शहरात जेन अ‍ॅडम्स आणि तिच्यासोबतच्या बायकांनी गरिबांच्या मोहल्ल्यातल्या गल्ल्या पालथ्या घातल्या आणि ऑगस्ट-सप्टेंबर अशा दोन महिन्यांत आरोग्य खात्याकडे कचऱ्याच्या १,०३७ तक्रारी नोंदवल्या. पुढच्याच वर्षी तिला त्या वॉर्डाची कचरा निरीक्षक नेमलं गेलं, आणि ती पहाटे कचऱ्याच्या गाड्यांमागे फिरू लागली. आपल्या नागपुराला तर याहून जवळचा वारसा आहे. नागपूर-कामठीच्या स्टेशनांवर हमाली केलेल्या जाईबाई चौधरींनी १९२२ मध्ये इथं मुलींची शाळा काढली. २० जुलै १९४२ रोजी नागपुरातच दलित महिलांची मोठी परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षा होत्या, आणि बाबासाहेबांनी हजारो बायांपुढं स्वच्छतेचा आणि लेकरांच्या शिक्षणाचा विषय एकाच भाषणात मांडला. आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बाया अजूनही ही आठवण सांगतात. संडासाची तक्रार घेऊन जाताना लाज वाटते म्हणणाऱ्या पोरींना मी मुद्दाम हे सांगते.

पहिली बैठक कोणाला घेऊन

धुणीभांडी करणाऱ्या बाया दुपारी दोन-अडीचला परततात. कळमन्याच्या बाजारात निवडायला जाणाऱ्या पहाटेच निघून जातात. बांधकामावरच्या संध्याकाळी सातनंतर येतात. एकच वेळ ठेवली की कोणीतरी कायमचं सुटतं, म्हणून पहिल्या आठवड्यात दोन बैठका ठेवा, एक दुपारी आणि एक रात्री साडेआठला, दोन्ही बुद्धविहारात नाहीतर मंदिरासमोरच्या ओट्यावर. कोणाच्या घरी ठेवू नका. घर म्हटलं की जुनी भांडणं आड येतात.

बैठकीत पाच जणी हव्यातच : गुडघे दुखणारी म्हातारी, गरोदर किंवा नुकती बाळंत झालेली बाई, चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, घरात अपंग माणूस असलेली बाई, आणि जिच्या घरचं कोणी सफाईचं काम करतं ती. ही पाचवी बाई मागच्या ओळीत गप्प बसते. तिला पुढं बसवा. मनपात ऐवजदार, म्हणजे बदली सफाई कामगार, म्हणून राबलेल्या माणसाच्या बायकोला गडर लाईन (मैलापाण्याची भुयारी नळी) कुठून कुठं जाते, टाकीचं झाकण कुठं बुजवलं आहे, जमादार कोणाचं ऐकतो, हे सगळं ठाऊक असतं.

‘संडास धुवायला अमक्या समाजाची बाई लावू’ असं कोणी म्हणालं तर बैठक तिथंच थांबवा आणि त्या विषयावर बोला. हे मागाहून बोलू म्हटलं की ते कधीच बोललं जात नाही.

पहिल्या दिवशी मागण्या लिहू नका. फक्त एक प्रश्न विचारा : काल तुम्ही किती वाजता गेल्या आणि किती वेळ थांबल्या? आमच्याकडं एक काकू म्हणाल्या होत्या, ‘मी तं दुपारपासून पानीच नाई पेत वो बाई, रातच्याला उठाव लागते म्हनून.’ पाणी न पिण्यानं लघवीची जळजळ आणि संसर्ग होतो हे त्या बैठकीत निम्म्या जणींना पहिल्यांदा कळलं, आणि निम्म्या जणींना तो त्रास आधीपासून होता हेही तेव्हाच कळलं.

तीन फेऱ्या आणि नजरी नकाशा

वस्तीत तीनदा फिरा : पहाटे पाचला, दुपारी, आणि रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन. एकाच संडासाची तीन वेगळी रूपं दिसतात. पहाटे रांग दिसते. दुपारी टाकीत पाणी आहे की नाही ते कळतं. रात्री दिवा लागतो का, आतून कडी बसते का, वाटेवर कोणती टोळकी बसलेली असतात, हे समजतं. रात्रीच्या फेरीला मुलींना सोबत घ्या. कुठं भीती वाटते ती जागा त्या बरोबर दाखवतात.

मग जमिनीवर खडूनं नकाशा काढा : घरं, नळ, नाली, संडास, कचऱ्याचा ढीग, खांब, नाला. सगळ्यांचं समाधान झालं की तो कार्डशीटवर उतरवा. नळाचे पाइप नालीतून जात असतील ती जागा लाल रंगानं दाखवा. हा रंग फार महत्त्वाचा आहे, पुढं त्यावर येते.

मोजणी

इथं घाई करू नका. अख्खं काम या पायरीवर उभं राहतं.

घरागणिक एक ओळ : बाया किती, पुरुष किती, लहान मुलं किती, घरी संडास आहे का, असेल तर त्याचा मैला कुठं जातो. शेवटचा रकाना गाळू नका. गडर लाईन, सेप्टिक टाकी, शोषखड्डा, की सरळ नाली? ‘घरी संडास आहे’ म्हणून कागदावर घर मोकळं होतं, आणि मैला नालीतून शेजारच्या दारापुढं वाहत असतो. असं घर वेगळं लिहा. मात्र त्या घरावर बोट दाखवत फिरू नका. जागा नाही, पैसा नाही, म्हणून लोक तसं करतात.

आता हिशेब. स्वच्छ भारत अभियानाच्या निकषात सामुदायिक संडासात बायांसाठी २५ जणींमागे एक आणि पुरुषांसाठी ३५ जणांमागे एक सीट धरली आहे. समजा वस्तीत ९० घरं आहेत, २० घरी चांगले संडास आहेत. उरलेल्या ७० घरांत १६० बाया-मुली आणि १७० पुरुष-मुलगे. म्हणजे बायांना ७ आणि पुरुषांना ५ सीट लागतात. संडासावर पाटी १० सीटची असेल, पण बायांकडच्या ५ पैकी दोनच चालू असतील तर खरा आकडा असा निघतो : १६० जणींना २ सीट. हे एक वाक्य तासभराच्या भाषणाहून जड पडतं.

चालू सीट म्हणजे काय हे आधी ठरवून घ्या. आम्ही चार गोष्टी धरतो : भांडं फुटलेलं नाही, पाणी ओतलं की खाली जातं, दार आतून लागतं, आणि रात्री उजेड असतो. चारांतली एक नसली तरी सीट बंद म्हणून लिहायची.

यानंतर पंधरा दिवस रोज वही भरा. रकाने सहाच : तारीख, वेळ, काय बिघडलं, कोणी पाहिलं, कोणाला सांगितलं, काय झालं. शेवटचा रकाना कितीदा तरी कोरा राहील. कोराच राहू द्या, तोही पुरावाच असतो. जिला लिहिता येत नाही तिनं सांगावं, शाळकरी मुलीनं लिहावं, आणि सांगणारीनं खाली अंगठा किंवा खूण करावी.

जमीन कोणाची

अर्ज कोणाकडं करायचा हे यावर ठरतं आणि इथं बाया वर्षं घालवतात. वस्ती मनपाच्या जागेवर आहे, नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासाच्या), नझूलच्या म्हणजे सरकारी, रेल्वेच्या, की झुडपी जंगल म्हणून नोंदलेल्या जागेवर? १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याखाली ती घोषित आहे का? घोषित वस्तीत काम मागणं सोपं जातं. कोणाकडं मालकी पट्टा असेल, घरटॅक्सची पावती असेल, तर तिच्या झेरॉक्स एका फाइलीत लावा. वस्ती अघोषित असली तरी सफाई, पाणी आणि संडास मागायचा हक्क संपत नाही. फक्त पत्र जास्त लिहावी लागतात.

अर्ज

नागपूर महानगरपालिकेचे दहा झोन आहेत. तुमच्या झोनचे सहायक आयुक्त हे अर्जाचं पहिलं ठिकाण. एका अर्जात एकच विषय लिहा. संडास, नाली, कचरा, कुत्रे असं सगळं एकत्र लिहिलं तर तो कागद चार टेबलांवर फिरतो आणि कोणीच जबाबदार राहत नाही.

आमचा नमुना साधारण असा असतो :

‘प्रति, मा. सहायक आयुक्त, ... झोन, नागपूर महानगरपालिका. विषय : ... वस्तीतील सामुदायिक संडासातील महिलांच्या तीन बंद सीट सुरू करण्याबाबत. महोदय, आमच्या वस्तीत स्वतःचा संडास नसलेली ७० घरे असून १६० महिला व मुली या संडासावर अवलंबून आहेत. महिलांच्या ५ सीटपैकी ३ बंद आहेत (सीट क्र. १ : भांडे फुटलेले, क्र. ३ : दार नाही, क्र. ४ : तुंबलेली). मागील १५ दिवसांच्या नोंदीची प्रत सोबत जोडली आहे. कृपया स्थळ पाहणीची तारीख आम्हाला लेखी कळवावी. पाहणीच्या वेळी आमच्या समितीच्या तीन महिला हजर राहतील.’

‘स्थळ पाहणीची तारीख’ मागा. ‘त्वरित कार्यवाही करावी’ एवढंच लिहिलं तर त्याला काही धरबंध राहत नाही. तारीख मागितली की उत्तर द्यावं लागतं.

दोन प्रती न्या. एकीवर आवक शिक्का, नंबर आणि सही घ्या. शिक्का मिळेपर्यंत टेबल सोडू नका, आणि तो नंबर वहीत लिहा. बचत गटांचा वस्तीस्तर संघ असेल तर अर्ज त्याच्या नावानं द्या, आणि मनपाच्या समाजविकास विभागाच्या समूह संघटिकेला एक प्रत द्या. तीन-चार जणींनीच जा. साठ जणी नेल्या की साहेब समजूत काढायला लागतात. चार जणी वही उघडून बसल्या की त्यांना आकड्यांवर बोलावं लागतं. मोर्चा राखून ठेवा, तोही कधीतरी लागतो.

महिना गेला आणि उत्तर नाही, तर माहितीचा अधिकार वापरा. फी १० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या कार्डधारक बाईला फी नाही, म्हणून अर्ज तिच्या नावानं करा आणि कार्डाची प्रत जोडा. ‘संडास का दुरुस्त होत नाही?’ असं विचारू नका. ‘का’ला उत्तर मिळत नाही, कागद मागितले तर मिळतात. या संडासाच्या देखभालीचा कार्यादेश, सफाई कामगारांचा हजेरीपट, टाकी उपसल्याच्या मागच्या तीन वर्षांच्या नोंदी, आणि दिलेल्या बिलांच्या प्रती. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. हजेरीपटावर रोज कामगार हजर आणि आपल्या वहीत त्याच तारखांना ‘आज कोणी आलं नाही’ अशी नोंद, हे दोन कागद शेजारी ठेवले की पुढं काय करायचं ते आपोआप कळतं. मात्र राग कामगारावर काढू नका. कितीदा तरी कागदावर एकाचं नाव असतं, राबतो दुसराच, आणि त्याला अर्धाच पैसा मिळतो.

घरी संडास बांधायचा असेल तर

जिथं दोन हात जागा आहे तिथं घरचाच संडास व्हावा, असं माझं ठाम मत आहे. २०१४ साली सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानात वैयक्तिक संडासासाठी केंद्राचे ४,००० आणि राज्याचे ८,००० रुपये असं अनुदान ठरलं होतं. सध्या किती मिळतं आणि किती हप्त्यांत, हे झोनमधून लेखीच घ्या. कोणा मधल्या माणसाच्या तोंडावर विसंबून विटा आणू नका.

गवंडी काम करत असताना घरची बाई तिथं उभी असली पाहिजे. तिनं पाहायच्या गोष्टी :

गडर लाईन गल्लीत असेल तर तिलाच जोडा, टाकी नको. चार इंची पाइपाला चाळीस फुटांत एक फूट उतार हवा. वळणावर चेंबर हवं, नाहीतर तुंबलं की फरशीच फोडावी लागते.

भांडं जास्त उताराचं घ्या, ज्याला दुकानात रूरल पॅन म्हणतात. दीड-दोन लिटर पाण्यात ते साफ होतं. जिथं पाणी डोक्यावरून आणायचं आहे तिथं हा फरक रोजचा आहे.

सेप्टिक टाकी करायची तर पाच माणसांच्या घराला आतून साधारण पाच फूट लांब, अडीच फूट रुंद आणि सव्वातीन फूट पाण्याची खोली लागते. आत भिंत घालून दोन कप्पे करा, पहिला मोठा. वर जाळीचा व्हेंट पाइप. टाकीतून बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसलं तरी ते घाणच असतं. ते नालीत सोडू नका, शोषखड्ड्यात जाऊ द्या.

आणि शोषखड्ड्याबद्दल नागपूरकरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. काळ्या मातीत तो पावसाळ्यात काम करत नाही. ही माती पाण्यानं फुगते, भेगा मिटतात, पाणी मुरायचं थांबतं आणि मैला उलटा वर येतो. मुरूम लागेपर्यंत खणा, खड्ड्याभोवती फूटभर जाड वाळू भरा, आणि तरीही जमत नसेल तर गडर लाईनसाठीच भांडा. अंगणात विहीर किंवा बोअर असेल तर खड्डा त्यापासून निदान तीस-पस्तीस फूट दूर.

टाकी कोण उपसणार

दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसावी लागते आणि ती मशीननंच उपसायची. शंभर-दोनशे रुपये देऊन माणूस उतरवणं हा २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. टाकीतला गॅस दिसत नाही, आणि एका श्वासात माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. म्हणून वस्तीत प्रत्येकीला हे पाठ हवं : कोणी पडलं तर उतरायचं नाही, ओरडून माणसं गोळा करायची, अग्निशमनला फोन करायचा. टाकी-गडर साफ करण्यासाठी हेल्पलाइन १४४२० आहे. नंबर संडासाच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहा.

वस्तीचा संडास चालवताना पैसा

इथं मी बायांना सावध करते. ‘महिला मंडळानं संडास चालवावा’ असं कौतुकानं म्हणतात आणि मग झाडूपासून मोटारीपर्यंत सगळं मंडळाच्या गळ्यात पडतं. ७० घरांनी महिन्याला ५० रुपये दिले तर ३,५०० होतात. त्यात फिनाइल, झाडू, बल्ब, कड्या, तोट्या निघतील. पूर्णवेळ माणसाचा पगार निघणार नाही. तो त्यातून काढायचा म्हटलं तर एखाद्या विधवा बाईला हजार-दीड हजारात राबवावं लागतं, आणि तिच्यावर आपणच अन्याय करतो. तेव्हा देखरेख, किल्ली आणि किरकोळ दुरुस्ती मंडळाकडं. सफाई कामगार, वीजबिल, टाकी उपसणं आणि मोठी दुरुस्ती मनपाकडं, अशी लेखी वाटणी झाल्याशिवाय किल्ली घेऊ नका. पैशाचा हिशेब दर महिन्याला भिंतीवर लावा. रात्रीच्या देखरेखीच्या पाळ्या पुरुषांनाही लावा.

बायांकडच्या बाजूला झाकणाचा डबा ठेवा. पॅड भांड्यात गेलं की सीट तुंबलीच. कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळं द्यायचं, म्हणजे कचरागाडीवरच्या माणसाला हात घालावा लागत नाही. ओला-सुका कचरा वेगळा करायचं आता सगळ्यांनाच माहीत आहे. गाडी आली नाही की तेवढं वहीत लिहा.

पावसाआधी

मे महिन्यात नाली-नाल्याचा गाळ काढतात आणि काठावरच ठेवतात. पहिल्या पावसात तो परत आत जातो. गाळ काढला त्या दिवशीचा आणि तिसऱ्या दिवशीचा असे दोन फोटो तारखेसह ठेवा आणि उचलला नसेल तर लगेच अर्ज करा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचं पाणी घरांत शिरलं, ते नागपूरकर विसरणार नाहीत. अशा वेळी गडरचं पाणी संडासातून उलटं येतं. नदी-नाल्याकाठच्या घरांनी वाळूची पिशवी प्लास्टिकात बांधून तयार ठेवावी आणि पाणी चढू लागलं की भांड्यावर दाबून बसवावी. सेप्टिक टाकीचं झाकण आधीच पक्कं करावं.

आता नकाशावरचा लाल रंग. नळाला पाणी नसतं तेव्हा पाइप रिकामा असतो, आणि त्याला भोक असलं तर नालीतलं पाणी आत ओढलं जातं. मग नळ आला की पहिल्या हंड्यात तेच येतं. नालीतून जाणारे सगळे गंजके पाइप पावसाआधी बदलून वरून घ्यायला लावा. तोवर पहिल्या पाच मिनिटांचं पाणी सांडा, पिण्याचं उकळा. एका गल्लीत दोन दिवसांत तीन घरी जुलाब दिसले की वहीत लिहा, आशाताईला त्याच दिवशी सांगा.

सही मागायला येतात तेव्हा

दुरुस्ती झाली की ठेकेदाराचा माणूस कागद घेऊन येतो, ‘ताई, इथं एक सही करा.’ संध्याकाळी या म्हणून सांगा. अंधार पडल्यावर वही, दोन बादल्या आणि पहिल्या बैठकीतल्या त्या पाच जणींना घेऊन जा. प्रत्येक सीटमध्ये बादलीभर पाणी ओतून पाहा. म्हातारीला आत बसून उठायला लावा, धरायला कठडा आहे का ते तिलाच कळेल. मुलीनं आत जाऊन कडी लावावी आणि बाहेरच्या दोघींनी दार ढकलावं. दिव्याचं बटण हाताला लागतं का पाहा. मागं जाऊन टाकीचं झाकण आणि नाली पाहा, कारण पुढून टाइल्स लागतात आणि मागून पाइप उघडाच राहतो. जे राहिलं ते सीट नंबरासह त्याच कागदावर लिहा, त्याच्या प्रतीवरही लिहा, आणि त्याखाली त्याची सही आधी घ्या.